भागीरथीच्या लॅपटॉपची तपासणी

हिलालआबांच्या हातात काहीही द्या, ते आधी उजेडाकडे धरणार. मेथीची जुडी, लग्नाची पत्रिका, इस्त्रीहून आलेला सदरा, सगळं. त्यांच्या लेकीला, सोनालीला, बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी नवऱ्या मुलाला पंख्याखालची खुर्ची सोडून खिडकीशी बसायला लावलं होतं, आणि तो बिचारा घाम पुसत तासभर उन्हात बसला. पाहुणे गेल्यावर बायकोने, भागीरथीने, विचारलं, "हाऊ पोऱ्या शे का ताका शे?" आबांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पोरगा फ्रेश आहे, म्हणजे बिनखोडीचा, एवढंच ते म्हणाले.

एकतीस वर्षं त्यांनी भेस्तानच्या एका कारखान्यात कापड तपासलं. लूमवरून उतरलेलं, रंग न चढलेलं कोरं कापड; सुरतेत त्याला ग्रे म्हणतात. काचेचं टेबल, काचेखाली दोन ट्यूबलाइट, आणि त्यावरून ताका, म्हणजे कापडाची अख्खी गुंडाळी, ओढत न्यायचा. तुटलेली तार, तेलाचा डाग, जाळी पडलेली जागा दिसली की तिच्यासमोर किनारीला लाल धागा बांधायचा आणि पुढे जायचं. कात्री तपासणीवाल्याच्या हातात नसते. खोड कापून टाकायची की तशीच चालवायची हे ज्याचा माल त्याने ठरवायचं. आबा नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगत आणि कुणाच्या खिशात कात्री दिसली तर काढून घेत. शेवटी ताक्याला चिठ्ठी लावायची. आबांची चिठ्ठी साऱ्या खात्यात ओळखू यायची, कारण ते मधोमध रेघ मारून उजवीकडे गुण लिहीत आणि डावीकडे खोडी. गुण लिहायची पद्धत कुठेच नव्हती, ती त्यांचीच. नुसत्या खोडी लिहिल्या तर विणणाऱ्याच्या पोटात कसंतरी होतं, असं त्यांचं म्हणणं.

या कामात एक चूक सगळेच करतात, आणि जुना माणूस जास्त करतो. एखादा लूम वर्षानुवर्षं चांगलं कापड देत असला की त्याचा ताका कुणी पूर्ण उघडत नाही. पहिले दोन मीटर बघायचे, शेवटचे दोन मीटर बघायचे, थोपटायचं आणि फ्रेशच्या ढिगात टाकायचं. आबाही तेच करायचे. भागीरथी ही त्यांच्या लेखी तशीच होती. सकाळी चहाच्या वेळी दिसायची, रात्री जेवताना दिसायची, मधली काही त्यांनी कधी उघडून पाहिली नाही.

ती गेल्या आषाढात गेली. छातीची गाठ होती. तिने घरात सांगितलं तेव्हा दिवाळी होती, आणि डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. आठ-नऊ महिने सगळं करून झालं. सुरतेतच, कोसाडच्या दोन खोल्यांत आता आबा एकटेच राहतात. सोनाली भेस्तानला सासरी, मुलगा गोपाल बंगळूरला नोकरीवर.

तर लॅपटॉप. तो मूळचा गोपालचा. पहिल्या बढतीला त्याने घेतला, आणि त्या पैशात चांगली मोटारसायकल आली असती हे आबांनी त्याला बरीच वर्षं ऐकवलं. चांदीच्या रंगाचा, वहीएवढा पातळ, झाकण पार मागे वळून पाटीसारखा सपाट होणारा. गंमत अशी की एवढा महाग, पण आत काही नाही. सगळं काम इंटरनेटवर. ब्राउझर उघडायचा आणि त्यातच लिहायचं, बघायचं, ठेवायचं. कंपनीने दुसरा दिला तेव्हा गोपालने हा आईला आणून दिला, तिच्या नावाने खातं उघडून दिलं. "माय, हा पाण्यात पडला तरी तुझं काही जाणार नाही," तो म्हणाला होता. "सगळं वर राहतं. कुठूनही उघड, जसंच्या तसं."

भागीरथी चौथी शिकलेली. ती घरी साड्यांना चमकते स्टोन चिकटवायची, बोटं कायम डिंकाने कडक झालेली, आणि बटणं दाबायचा तिला कंटाळा. मग सोनालीने तिला माइकची खूण दाखवली. दाब आणि बोल, तो लिहून घेईल. अहिराणी त्याला कळायची नाही, म्हणून भागीरथी त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलायची, डॉक्टरांशी किंवा मास्तरांशी बोलतात तशी, पदर सावरून. "कुकरची रिंग ढिली झाली आहे, काय करावे." आबा तिकडे पेपर वाचत असायचे. त्यांना वाटायचं, चला, बाईला विरंगुळा झाला.

फाल्गुनात एका रविवारी सोनाली आली आणि लेकीला कडेवरून खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आबा, मायचा लॅपटॉप देऊन टाकू. तुमच्या पलीकडच्या बिल्डिंगमधली अश्विनी आहे ना, तिला काम लागलंय. घरबसल्या, ऑनलाइन. तिला पाहिजे."

"बघू," आबा म्हणाले. "आधी तपासतो."

"त्यात काय तपासायचं? तुम्ही हात लावू नका. गुरुवारी ती येईल, तिला तसाच देऊन टाका. ती रीसेट करून घेईल."

"न तपासता माल बाहेर जात नाही."

"आबा, तो काही कापड नाही!" सोनाली एवढ्या जोरात ओरडली की पोरगी दचकून रडायला लागली. मग तिला उचलून घेत, खालच्या आवाजात: "नका ना उघडू. ऐका माझं एवढं."

आबांना राग आला. आठ महिने झाले नाहीत आणि पोरीला आईची वस्तू घरात खुपायला लागली. शिवाय एकतीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला हात लावू नका म्हणायचं, म्हणजे काय? सोनाली सासरी परतल्यावर त्यांनी कपाट उघडलं, साडीत गुंडाळलेला लॅपटॉप काढला आणि चार्जरला लावला.

सोमवारी दुपारी त्यांनी झाकण उघडलं. गोपाल सांगायचा तसा खरोखर आठ सेकंदांत चालू झाला. पडद्यावर भागीरथीचा फोटो आला, गोपालच्या लग्नातला, नथीतला, आणि यंत्र खाली आकडे मागू लागलं. आकडे म्हणजे गावाचा पिनकोड. तिला दुसरा कुठला सहा आकड्यांचा नंबर पाठ नव्हता. आबांनी एका बोटाने तो दाबला. यंत्राने "नमस्कार, भागीरथी" म्हटलं आणि आबांच्या हाताला काटा आला.

मग त्यांनी कागद घेतला, मधोमध रेघ मारली. उजवीकडे लिहिलं: लवकर चालू होतो. तापत नाही, आवाज करत नाही. पडदा स्वच्छ, म्हाताऱ्या डोळ्यालाही बारीक अक्षर दिसतं. हे लिहिताना त्यांना आपले डोळे आठवले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांना यातलं काही दिसलं नसतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हा गृहस्थ कारखान्यात कुणाला पत्ता लागू न देता हाताच्या अंदाजाने ताके पास करत होता. भागीरथीनेच ओळखलं. संक्रांतीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, चैत्रात दुसऱ्याचं. दर दोन तासांनी थेंब घालायला ती घड्याळ लावून उठायची.

डावीकडे लिहिलं: नेट नसलं की ठोकळा. मोठं सॉफ्टवेअर चालत नाही. हे त्यांना शेजारच्या सुकदेवमुळे माहीत होतं. त्याने एकदा एम्ब्रॉयडरीची डिझाइनं बनवायचा प्रोग्राम यात घालायला नेला होता आणि तासभर झगडून, तोंड वाकडं करून परत आणून दिला. अजून दोन वर्षं अपडेट येतील, पुढे नाही, हे गोपालने सांगितलेलं. तेही लिहिलं.

राहिली बटणं. एकही बटण न तपासता सोडायचं म्हणजे ताका न उघडता थोपटण्यासारखं. बटणांवर सोनालीने आईसाठी स्टोनच्या शीटमागचा पांढरा कागद कापून मराठी अक्षरं चिकटवली होती. आबांनी शोधायची पट्टी उघडली आणि बाराखडीने सुरुवात केली. क दाबला.

क उमटला. त्याच्याखाली एक यादी घसरत उतरली, आणि प्रत्येक ओळीआधी बारीक घड्याळाची खूण. कुकरची रिंग ढिली झाली आहे काय करावे. कळण्याची भाकरी फाटते. कोसाडला पाणी कधी येणार.

आबांनी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पण ती तिथूनच बोलल्यासारखी ओळ होती, तोच सूर, पुस्तकी आणि जरा रागावलेला. त्यांनी क पुसला आणि न दाबला. नवऱ्याला कमी दिसते पण कबूल करत नाही. आबा एकटेच मोठ्याने हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी सदऱ्याने पुसलं. "करस ना कबूल," ते पडद्याला म्हणाले.

त्या दिवशी ते न वर थांबले. मुद्दामच थांबले, सणाचा लाडू पुरवून खातात तसे. मंगळवारी दुपारी पुन्हा बसले. स दाबला. स्टोन गरम इस्त्रीने निघतात का. त दाबला. तारा नाव कसे आहे. तारा म्हणजे सोनालीची पोरगी, तेव्हा जन्मायची होती. एकेक अक्षर दाबायचं आणि भागीरथी काहीतरी विचारायची, आणि आबा उत्तर द्यायचे. पाणी सकाळी सहाला येतं. नाव छान आहे. खिडकीबाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिने दोनदा वाकून पाहिलं. आबांना त्याचं काही वाटलं नाही. आठ महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणी कुणाला काही विचारत होतं.

बुधवारी त्यांनी ग दाबला.

गॅस बुकिंग नंबर. गाठ दुखत नाही. गाठ दुखत नाही तर साधी असते का. गाठ आहे पण घरात मालकांचे डोळ्याचे ऑपरेशन आहे महिनाभर थांबले तर चालेल का.

आबांनी ते वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. नव्या डोळ्यांनी एकेक अक्षर ठसठशीत दिसत होतं. त्यांना महिने मोजायची गरज नव्हती. ऑपरेशन संक्रांतीनंतर. तिने सांगितलं दिवाळीत. ते पलंगावर डोळ्याला पट्टी लावून पडलेले, आणि ती हातात थेंबांची बाटली घेऊन म्हणायची, "वर दखा. हालू नका." तेव्हा तिला माहीत होतं. ती त्यांच्यावर वाकायची तेव्हा ती गाठ त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती आणि ते छताकडे बघत होते.

त्यांनी यंत्र बंद केलं नाही. बंद करायला हवं होतं हे त्यांना कळत होतं, पण बोट पुढे गेलं. द. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन कधी करतात. दोन महिने थांबले तर. म. मोतीबिंदूनंतर किती दिवस थेंब. आणि त्याखाली: मुलीचे बाळंतपण श्रावणात आहे ते झाल्यावर गाठ दाखवली तर चालेल का.

सोनालीचं बाळंतपण. सव्वा महिना भागीरथी तिच्याजवळ होती, पोरीला न्हाऊ घालत होती, डिंकाचे लाडू वळत होती.

आबांनी झाकण मिटलं. स्वतःचं ते सोसतील, सोसायलाच हवं. पण सोनालीने ते वाक्य वाचलं तर? ताराला बघून तिला दर वेळी काय आठवेल? आपल्या बाळंतपणापायी आई गेली, हेच सोनाली जन्मभर धरून बसेल. तिच्या नजरेला हे पडता कामा नये, एवढं एकच त्यांना कळलं. रीसेट. उद्या अश्विनी येईल, सगळं पुसेल, आणि विषय संपेल.

त्यांनी गोपालला फोन लावला. "रीसेट केल्यावर सगळं जातं ना रे?"

"काही जात नाही आबा," गोपाल उत्साहाने म्हणाला. "तीच तर त्याची खासियत. लॅपटॉप कोरा होतो, मायचं खातं वर तसंच. सोनालीच्या मोबाइलवर आहेच ते, दवाखान्याचे रिपोर्ट त्यातच यायचे ना. तुम्ही बिनधास्त देऊन टाका."

आबांनी फोन ठेवला. चिठ्ठीवर उजवीकडे, काल त्यांनीच लिहिलेलं होतं: काही हरवत नाही. त्यांनी ते खोडलं आणि डावीकडे लिहिलं. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. डोळे मिटले की कानाशी थेंबांची बाटली हलवल्याचा आवाज यायचा.

गुरुवारी चारला अश्विनी आली. बावीस-तेवीसची, आईबाप जालन्याकडचे, बांधकामावर. पोरगी हुशार. "काका, मला सगळं ब्राउझरमधीच करायचंय, मला हाच पाहिजे होता," म्हणत तिने लॅपटॉप पाटीसारखा उलटा-सुलटा वळवला. आबांनी तिला चहा दिला आणि विचारलं, जुनं विचारलेलं वरूनसुद्धा पुसता येतं का?

"येतं की. हे बघा." तिने दोन-तीन ठिकाणी दाबलं. भागीरथीने आजवर विचारलेलं सगळं एका लांब यादीत उलगडलं, तारखांसकट. प्रत्येक ओळीशेजारी फुली होती. "एकेक पुसा, नाहीतर हे वरचं दाबा, सगळं एकदम जातं. पण काका, मग परत येत नाही, बरं का." तिने आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला. "मी उद्या येते. घाई नाही मला."

आबा यादीसमोर बसले. सगळं एकदम पुसलं तर कुकरची रिंगही जाणार, कळण्याची भाकरीही जाणार, नवऱ्याला कमी दिसते तेही. मग तेवढ्या चार-पाच ओळीच काढायच्या. त्यांनी बाण पहिल्या गाठीच्या ओळीवर नेला, फुलीवर ठेवला. एकतीस वर्षांत त्यांनी कापडाला कात्री लावली नव्हती.

"आबा."

दारात सोनाली उभी होती, कडेवर तारा. एरवी रविवारी येणारी ती आज गुरुवारीच आली होती. तिने पडदा पाहिला. आबांनी झाकण मिटायला हात घातला, पण तिने पुढे होऊन तो धरला.

"तुम्ही काय करी ऱ्हायनात?" सोनाली घाबरली की अहिराणीत जाते.

"काही नही. जुनं-पानं साफ करस. तू नको वाचू."

"आबा, माले मालूम शे." ती खाली बसली, ताराला मांडीवर घेतलं. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. गॅस बुक करायला मोबाइल उघडला आणि ग दाबला. सगळं वाचलं. तुमच्या डोळ्यांचंही, माझ्या बाळंतपणाचंही."

"आणि तू मला—"

"तुम्हाला काय सांगू? तुमच्या डोळ्यांपायी माय थांबली, हे सांगू? म्हणून म्हणत होते, देऊन टाका, उघडू नका. तुम्ही बाराखडी लावून बसणार हे मला माहीत होतं. तुम्ही आजवर कुठली वस्तू न उघडता दिलीत?"

पोरीला आईची वस्तू खुपते म्हणून ते चार दिवस धुमसत होते, आणि ती आठ महिने हे पोटात घेऊन हसतमुखाने त्यांना डबा आणून देत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशी ती रडू लागली, मोठ्याने, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. आबाही रडले. तारा दोघांकडे आलटून पालटून बघत राहिली आणि मग तिला यंत्राची बटणं दिसली.

बऱ्याच वेळाने सोनालीने नाक पुसून विचारलं, "पुसून टाकू? तुम्ही म्हणाल तसं."

आबांनी यादीकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. "आपण फक्त दाखवायचं. कापायचं आपलं काम नाही. तिनं विचारलेलं आहे, राहू दे तिचं." मग ओशाळल्यासारखे: "तो माइक कसा दाबतात?"

सोनालीने माइक दाबून दिला. पडद्यावर ठिपके हलू लागले, वाट बघू लागले. आबांनी पदर नसताना उगाच खांद्यावरचा टॉवेल सावरला. त्यांना पुस्तकी मराठी सुचेना.

"भागी," ते म्हणाले, "मना डोया आते चांगला शेतस. माले समदं दिसस. तुनी माले काबर नही सांगं?"

यंत्राने अर्धंमुर्धं काहीतरी लिहून घेतलं. भागी मनाडो याते चांगला. थोडा वेळ गोल फिरलं, आणि खाली ओळ आली: याच्याशी जुळणारं काही सापडलं नाही. पण यादीत सगळ्यात वर, तिच्या प्रश्नांच्या डोक्यावर, ती ओळ जाऊन बसली, घड्याळाच्या खुणेसकट.

शुक्रवारी अश्विनी आली तेव्हा तिनेच यंत्र कोरं केलं. भागीरथीचा फोटो गेला, आकडे मागणं गेलं, आणि पडद्याने पहिल्यांदाच भेटल्यासारखं विचारलं, कोणती भाषा? आबा तोवर खिडकीबाहेर बघत होते. बटणांवरच्या कागदी अक्षरांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. राहू दे, तुला उपयोगी पडतील, असं म्हणाले.

जाताना त्यांनी तिला चिठ्ठी दिली. मधोमध रेघ. अश्विनी जिन्यात थांबून वाचू लागली. उजवीकडे: आठ सेकंदांत चालू होतो. तापत नाही. बॅटरी दिवसभर. पडदा उत्तम. पाण्यात पडला तरी तुझं काम जात नाही. डावीकडे: नेट नसलं तर ठोकळा. मोठं सॉफ्टवेअर चालत नाही. दोन वर्षांनी अपडेट बंद. अहिराणी समजत नाही. काही हरवत नाही, हेही इकडेच लिहितो.

आणि अगदी खाली, रेघ संपते तिथे, हात स्थिर ठेवून लिहिलेल्या बारीक अक्षरांत: बाई, याला काहीही विचार. पण अंगावर काही वेगळं लागलं तर आधी घरात सांग. दुखत नसलं तरी सांग. घरात ऑपरेशन असलं तरी सांग.